गुरवाचं गाऱ्हाणं

आमच्या आळीत कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला फारसे कष्ट पडत नाहीत. सोमवारी सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायची, की झालं. समोरच्या भैरोबाच्या देवळातून गुरुपाद गुरवाचा आवाज येतो आणि अर्ध्या कसबा बावड्याच्या अडचणी देवाच्या कानावर जातात, जाता जाता माझ्याही. कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, कुणाच्या पोराला भरतीच्या पळण्यात दम लागतोय, कुणाच्या नव्या फ्लॅटमध्ये पाणी चढत नाही. वर्तमानपत्र मी बंद केलं ते उगाच नाही.

मी देवभोळी नाही. शाळेत पोरांना विज्ञान शिकवण्यात जन्म गेला आणि शिकवलेलं आपल्याला लागू नाही असं म्हणणाऱ्यातली मी नव्हे. पण सोमवारची आरती मी चुकवत नाही, कारण आरतीनंतर गाऱ्हाणं असतं.

धूपारती फिरून आली, तीर्थ झालं, अंगारा लावून झाला, की ज्याला काही मागायचं असेल तो नारळ घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहतो. त्यानं स्वतः देवाशी बोलायचं नसतं. आपलं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मागणं गुरवाला सांगायचं. गुरव नारळ हातात घेतो, उंबऱ्याच्या आत उभा राहतो, देवाकडे तोंड करतो आणि ते सगळं मोठ्यानं देवापुढं मांडतो. एवढ्या मोठ्यानं कशाला, देव काय बहिरा आहे का, असं मी एकदा गुरुपादला विचारलं होतं.

"द्येव बहिरा न्हाय बाई," तो म्हणाला, "पर चार मान्सं ऐकत्यात म्हनल्यावर मागनारा खोटं मागत न्हाय."

गुरुपाद माणूस कमी बोलतो, एरवी. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, बायकोशी, सगळ्यांशी दोन शब्दांत आटपतो. अंगानं किडकिडीत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर पंचा. पहाटे विहिरीचं पाणी काढायचं, देवाला अंघोळ घालायची, बेल निवडायचा. किडका बेल देवाला चालत नाही म्हणून प्रत्येक पान उजेडात धरून बघायचं. हे सगळं मुकाट्यानं. आणि नारळ हातात आला की त्याच माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघतो की रस्त्यावरची रिक्षा थांबते.

आणि मागणारा जे सांगेल तेच तो देवाला सांगतो असंही नाही. एकानं भावावरची केस जिंकू दे म्हणून नारळ आणला. गुरुपादनं देवाला सांगितलं, या दोघा भावांचे कोर्टातले हेलपाटे थांबव. तो माणूस तणतणत गेला, पण नारळ परत मागितला नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे गुरुपादला त्याच्याआधी कळतं अशी आळीत ख्याती आहे. मुलींच्या गाऱ्हाण्यासाठी तर लोक कदमवाडीपासून येतात. लेक लग्न होऊन चालली, शिकायला पुण्याला चालली, की गुरुपाद तिच्यासाठी मागताना थांबतच नाही. तिला वाटेत चांगली माणसं भेटू देत, तिथलं पाणी तिला मानवू दे, तिला रात्री गाढ झोप लागू दे. ऐकणाऱ्या आया पदर डोळ्याला लावतात. मी लावत नाही, पण नाक मलाही पुसावं लागतं. कारण मला ठाऊक असतं, तो कुणासाठी मागतोय.

गुरुपादला एकच मुलगी. सौंदर्या. हे नाव तिच्या आईनं ठेवलं. शिवम्मा सीमेपलीकडची, तिच्या मराठीत अजून निम्मं कानडी ऐकू येतं. देवळाच्या मागं दोन खोल्या, त्यांचं दार देवळाच्याच अंगणात उघडतं. तिथं ती पोर वाढली. रांगायला लागली ती नगाऱ्याला धरून. आळीतल्या पोरी घर-घर खेळायच्या, ही गाऱ्हाणं-गाऱ्हाणं खेळायची. हातात नारळाऐवजी कांदा, आणि बाहुलीच्या वतीनं देवाकडे काय वाट्टेल ते मागणं. गुरुपाद बेल निवडता निवडता ऐकायचा आणि चुकलं की मान न उचलता दुरुस्त करायचा. "आदी नाव, मग गाव, मग मागनं." मला वाटायचं, हा पोरीला शिकवतोय. आता वाटतं, त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

सौंदर्या बारावीला होती तेव्हा गुरुपादचा मामेभाऊ शशिधर वारला. हा शशिधरही गुरवच, गडहिंग्लजकडच्या एका देवळाचा. दोघांचा जीव एकमेकांवर, पण त्याखेरीज त्यांचं एक काम होतं. गुरवानं स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नसतं. दुसऱ्या गुरवानं घालायचं. न्हावी स्वतःची हजामत दुसऱ्याकडून करून घेतो तसंच म्हणा. जत्रेला शशिधर इकडं यायचा आणि गुरुपादसाठी मागायचा, त्यांच्या जत्रेला गुरुपाद तिकडं जायचा आणि शशिधरसाठी मागायचा. तो गेला म्हणून गुरुपाद धावला आणि तिसऱ्याचं उरकेपर्यंत तिथंच राहिला.

इकडं पूजा शिवम्मा आणि सौंदर्यानं सांभाळली. सोमवार आला. आरती झाली आणि बायडाबाई नारळ घेऊन रडत उभी राहिली. तिची म्हैस गेली होती. सुटून गेली का कुणी नेली, पत्ता नाही. बायडाबाईला नवरा नाही, मूल नाही. जे काही होतं ते ती म्हैस. शिवम्मा सांगत होती, मालक आल्यावर या. पण बायडाबाई उंबरा सोडेना. मग सौंदर्यानं तिच्या हातातला नारळ घेतला, आत जाऊन देवाकडं तोंड केलं आणि सुरुवात केली.

मी तिथं होते. पोरीचा आवाज असा लागला की आम्ही सगळ्या पुतळ्यासारख्या उभ्या राहिलो. नाव झालं, गाव झालं, म्हशीच्या कपाळावरचा पांढरा चांद झाला. मागणं आता येणार, एवढ्यात दारातून शब्द आला.

"बास."

गुरुपाद होता. खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ठेव त्यो नारळ खाली. बाईमानसानं गाऱ्हानं घालायचं नसतंय."

"कुनी सांगिटलं?" सौंदर्यानं विचारलं.

"मी सांगतोय."

अर्ध्यात तोडलेलं गाऱ्हाणं ही आमच्याकडं वाईट गोष्ट. ताटावरून उठवल्यासारखं. आणि तेही चारचौघांत, बापानं. सौंदर्या रडली नाही. तिनं नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "माजं काय चुकलं त्ये तरी सांगा, अप्पा." त्यानं सांगितलं नाही. शब्द फक्त दुसऱ्यांसाठीच जवळ बाळगणारा माणूस तो. बायडाबाईची म्हैस दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली, म्हणजे देवाला अर्धं गाऱ्हाणंही पुरलं होतं. पण ते बापलेकीच्या कामी आलं नाही. जूनमध्ये सौंदर्या बेळगावला नर्सिंगला गेली, तिथून बंगळूरच्या दवाखान्यात. अंगणात पाऊल टाकल्याशिवाय घरात जाता येत नाही आणि देवळाच्या अंगणात ती पाऊल टाकीना. शिवम्माच तिला भेटायला जायची, येताना तिच्या हातचे लाडू घेऊन यायची. गुरुपाद ते खायचा. कुणी केलेत हे विचारायचा नाही.

शिवम्मा लेकीशी बोलायला माझ्या पायरीवर येऊन बसते. घरात रेंज नाही म्हणते. पायरी आणि देवळाचं अंगण यांच्यात एक भिंत, ती पण कमरेएवढी. शिवम्माचा फोन लागला की गुरुपाद खराटा घेतो. अंगण सकाळीच झाडलेलं असतं, तरी झाडतो. भिंतीजवळचा कोपरा तर इतका झाडतो की तिथली फरशी गुळगुळीत झालीय. एकदा शिवम्मा मुद्दाम फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडं पाणी मागायला आत आली. मी खिडकीतून पाहिलं. खराटा थांबला होता. फोनमधून सौंदर्या विचारत होती, "अव्वा, हायस काय? अव्वा?" आणि हा भिंतीपलीकडं उभा. एक "हाय" म्हणाला असता तरी चाललं असतं. मला इतका राग आला की पाण्याचा तांब्या मी दाणकन ओट्यावर आदळला.

त्या दुपारी मी देवळात जाऊन त्याला धरलंच. "गुरुपाद, एवढं काय चुकलं होतं त्या पोरीचं?"

तो बेल निवडत होता. त्यानं एक पान उजेडात धरून बघितलं.

"येक शब्द चुकला न्हवता," तो म्हणाला. "मी दारात हुतो बाई, पयल्यापास्नं ऐकत हुतो. आवाज माज्या बाचा आलता. भाऊ मातीत घालून आलतो, आनि हितं बा बोलाय लागला. मला सोसंना झालं."

"मग हे तिला सांगा की."

"कुनाच्या तोंडानं सांगू? शशिधर असता तर त्यानं द्येवाला सांगिटलं आसतं, चार मान्सांत बोललं गेलं आसतं, तिच्या कानावर गेलं आसतं. आता माजं गाऱ्हानं घालायला कोन ऱ्हायलंय?"

"स्वतःच्या तोंडानं सांगा."

"तेवडंच जमत न्हाय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की माझा राग कुठच्या कुठं गेला. सगळ्या गावाचं मागणं या माणसाच्या जिभेवर, आणि स्वतःचं एक वाक्य बाहेर पडत नव्हतं. लेकीची आठवण आली की तो दुसऱ्यांच्या लेकींसाठी मागायचा. तेवढीच त्याची सोय होती.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण या फाल्गुनात एका सोमवारी सकाळी, मी केसांना तेल लावत असताना, सौंदर्याचा फोन आला.

"काकू, मी चाललो," ती म्हणाली. आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, चाललो, आलो, जेवलो. बंगळूरला राहूनही तिचं ते गेलं नव्हतं. "जर्मनीला. दवाखान्यातच काम हाय. बेस्तरवारी विमान हाय. अव्वा उद्या येनार हाय सोडायला."

शिवम्मानं मला सांगितलं होतं. जर्मन भाषेचे क्लास लावलेत, परीक्षा दिलीय, सगळं. गुरुपादला कुणी सांगितलं नव्हतं. खराटा घेऊन त्यानं किती ऐकलं होतं ते त्याचं त्याला माहीत.

"आळीतनं जे कोन लांब जातंय, त्येचं गाऱ्हानं हुतंय की न्हाय काकू?" ती म्हणाली. "माजं बी घाला. फोनवरनं घालत्यात म्हनं आता."

घालतात. दुबईचे, पुण्याचे, सगळे फोनवरून घालतात. इथला कुणीतरी नारळ घेऊन उभा राहतो आणि फोन उंच धरतो. गुरुपादला ते आवडत नाही, पण नाही म्हणत नाही.

"नाव सांगावं लागेल," मी म्हणाले.

"सांगा की."

"आणि मागणं काय?"

तिनं सांगितलं. मी हातातलं तेल पदराला पुसलं, घरातला नारळ घेतला आणि फोन चालू ठेवूनच देवळात गेले.

फोनच्या नादात माझी आरती चुकली, ती नुकतीच झाली होती. धुपाचा धूर अजून गाभाऱ्यात होता. चार-पाच माणसं होती, त्यात बायडाबाई. आता तिची दृष्टी गेलीय, पण सोमवार चुकत नाही. शिवम्मा बाहेर फुलं घेऊन बसली होती. माझ्या हातात नारळ बघून गुरुपादच्या भुवया वर गेल्या. मी कधीच काही मागितलं नव्हतं.

"तुमचं गाऱ्हानं?"

"माझं नाही. फोनवरचं आहे." मी फोन स्पीकरवर टाकला आणि उंच धरला.

त्यानं नारळ घेतला, देवाकडं वळला. "नाव?"

"सौंदर्या," मी म्हणाले.

शिवम्मा बाहेरून उठून दाराशी आली. गुरुपाद पाठमोराच होता. खांद्यावरचा पंचा घसरला, तो त्यानं सावरला नाही. त्यानं हलक्या आवाजात पुढचं विचारलं, विचारायची रीत म्हणून.

"बापाचं नाव?"

"गुरुपाद."

"मागनं?"

वर्गात पोरांसमोर कधी माझा आवाज कापला नाही, तो त्या दिवशी कापला. मी म्हणाले, "ती परदेशी चाललीय. जाण्याआधी बापानं एकदा तोंडानं बोलावं. बस्स, एवढंच मागणं."

गुरुपादनं सुरुवात करायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडला. पुन्हा घेतला. मग तो वळला आणि नारळ माझ्यापुढं धरला.

"ह्ये मला घालता येत न्हाय, बाई."

त्या क्षणी तो नारळ मी त्याच्याच डोक्यात फोडला असता. मला वाटलं, आता पोर फोन ठेवणार.

"का येत नाही?" मी विचारलं.

"बापानं बोलावं म्हनतीया. ह्ये काय तिचं येकटीचं मागनं न्हाय." तो थांबला. "ह्ये माजं मागनं हाय. आजवर रोज हेच मागत आलोय मनात. सोताचं गाऱ्हानं सोता घालायचं नसतंय. त्येला दुसरा गुरव लागतोय."

"दुसरा गुरव आता कुठून आणायचा, गुरुपाद?"

"फोनवर हाय की," तो म्हणाला.

शिवम्मानं दाराच्या चौकटीला धरलं. गुरुपाद गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून बाहेर आला. शशिधर गेल्यापासून गाऱ्हाण्याच्या वेळी मी त्याला उंबऱ्याच्या या बाजूला कधी बघितलं नव्हतं. तो माझ्या शेजारी उभा राहिला, आळीतल्या कुणाही माणसासारखा, दोन्ही हातांत नारळ धरून. मी फोन देवाकडं केला.

थोडा वेळ फोनमधून नुसता दवाखान्यातला आवाज येत होता. कुणाचं तरी बोलणं, कुठलीशी ट्रॉली. मग दार लावल्याचा आवाज झाला आणि तिनं घसा साफ केला.

"बा भैरोबा," सौंदर्या म्हणाली, आणि बायडाबाईनं आंधळे डोळे वर केले. "खालच्या आळीच्या धन्या, रानावनाच्या राखनदारा. ह्यो तुजा गुरव, गुरुपाद शिवलिंग गुरव, कसबा बावड्याचा, तुज्या दारात नारळ घिऊन उबा हाय. जलमभर त्येनं लोकांचं मागिटलं, सोताचं मागिटलं न्हाय. त्येची येकुलती लेक हाय. लई दिस झालं घरला आली न्हाय. आता आनि लांब चाललीया. तिचं काय चुकलं-माकलं आसंल त्ये पदरात घे. तिला बुद्धी दे, द्येवा, आनि..."

"थांब," गुरुपाद म्हणाला.

पुन्हा अर्ध्यातच. पुन्हा चारचौघांत. फोनमधून सौंदर्याचा श्वास ऐकू येत होता.

"बुद्धी तिला न्हवं," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "चुकलं-माकलं बी तिचं न्हवं. बापाचं म्हन. बुद्धी बापाला दे म्हन. तेवडं येकच दुरुस्त कर. बाकी सगळं बराबर हाय, पोरी. तवा बी बराबर हुतं."

ती रडत होती, मोठ्यानं, लहानपणी नगाऱ्यावरून पडल्यावर रडायची तशी.

गुरुपादनं घाई केली नाही. ती शांत होईपर्यंत तो नारळ धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग म्हणाला, "पयल्यापास्नं घाल. सावकाश. मी हाय हितंच."